नव्या दगडाचा रंग

घाई नसेल तेव्हा हे वाचा. रोममधल्या एका जुन्या कमानीबद्दल ऑनलाइन ज्ञानकोशात काय लिहायचं, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे. तो सावकाश सोडवू.

मनात रोमन फोरम आणा. व्हिया साक्रा या जुन्या फरसबंद रस्त्याचा चढ चढून गेलं की रोमन सम्राट टायटसची कमान लागते. साधारण 15 मीटर उंच, मधून एकच वाट. आत लगेच शिरू नका. बाहेर उभे राहा आणि फक्त खांब बघा. मधल्या खांबांवर वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी कोरल्या आहेत. दगड संगमरवरी, उन्हापावसाने काळवंडलेला. आता नजर कडेच्या खांबांकडे न्या. तिथे पन्हळी नाहीत, अंग सपाट आहे. दगडही दुसरा, ट्रॅव्हर्टाइन. जरा वेळ इथेच थांबा. जुनं आणि नवं यांच्यातला सांधा एकदा दिसला की मग तो सतत दिसत राहतो.

हा सांधा मुद्दाम दिसता ठेवलेला आहे. मध्ययुगात ही कमान फ्रांजिपानी घराण्याच्या गढीत चिणली गेली होती. पुढे आजूबाजूची बांधकामं हटवली, तसा तिचा आधार गेला आणि ती ढासळायला आली. 1820 च्या दशकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद ज्युझेप्पे वालादिएर यांनी दगड उतरवून ती पुन्हा उभी केली. हरवलेले भाग त्यांनी नव्याने घडवले, पण वेगळ्या दगडात आणि बारीक कोरीवकाम न करता. कमानीचा आकार पुरा झाला, आणि आपलं काम त्यांनी प्राचीन म्हणून खपवलं नाही.

आता ज्ञानकोशाचं कोरं पान समोर घ्या. उजवीकडे माहितीचौकट आहे. त्यात पहिलाच रकाना: कोणी बांधली? हात लगेच कीबोर्डकडे जातो. जाऊ देऊ नका.

कमानीच्या माथ्यावरचा लेख वाचा. रोमची सिनेट आणि जनता यांनी ही कमान देवत्व पावलेल्या टायटसला अर्पण केली, असं तो सांगतो. सम्राटाला असं देवत्व मरणानंतर मिळे. टायटस इ.स. 81 मध्ये वारला, म्हणजे हा लेख त्यानंतरचा. त्याच्या मागून गादीवर आला त्याचा भाऊ डोमिशियन, म्हणून कमान त्याच्या काळातली मानतात. अनुमान भक्कम आहे, पण डोमिशियनचं नाव या लेखात कुठेही कोरलेलं नाही. मग रकान्यात ‘डोमिशियन, इ.स. 81’ असं ठोकून द्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. ‘इ.स. 81 नंतर, बहुधा डोमिशियनच्या काळात’ असं लिहावं, आणि हे कशावरून ते लगेच पुढे सांगावं. ‘बहुधा’ या शब्दाने पानाची शोभा कमी होत नाही. वालादिएर यांच्या सपाट खांबाचं काम तो शब्द करतो.

आता आत या. दक्षिणेकडच्या भिंतीसमोर उभे राहा. डोक्यावर पानांची मुकुटमाळ घातलेली माणसं खांद्यावर दांड्या घेऊन चालली आहेत. त्यांनी उचललेला आहे सात फाट्यांचा दीपवृक्ष, मेनोरा. इ.स. 70 मध्ये टायटसच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तिथून लुटून आणलेला. ओझं जड असावं, कारण माणसं पुढे झुकली आहेत. दगडावर आज रंग दिसत नाही. 2012 मध्ये तपासणी झाली तेव्हा या मेनोऱ्यावर पिवळ्या रंगाचे कण सापडले. सोन्याचा दिवा सोन्यासारखाच रंगवला होता. तो पिवळा रंग डोळ्यांसमोर आणा आणि विचारा: या चित्राखाली काय लिहू? ‘रोमन विजयाची मिरवणूक’ की ‘मंदिराची लूट’?

दोन्ही खरं आहे, आणि एकट्याने दोन्ही अपुरं आहे. रोममधले ज्यू परंपरेने या कमानीखालून जात नसत. पुढे 1949 मध्ये इस्रायलने राजचिन्ह ठरवलं, तेव्हा त्यातला मेनोरा घेतला तो याच शिल्पावरून. हे पान मराठीत लिहिलं जाईल तेव्हा ते कोण वाचेल, याचाही विचार करा. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू घरांत अव महिन्याच्या नवमीच्या उपासाला, म्हणजे मंदिर पडल्याच्या सुतकाच्या दिवसाला, बिरड्याचा सण म्हणत आले. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं ते आपलं बिरडं. त्या घरातल्या मुलीने हे पान उघडलं तर तिला त्यात फक्त सम्राटाची बाजू सापडू नये.

‘मग कोरलेला लेख तेवढा खरा धरू, दगड काही खोटं बोलत नाही,’ असं कुणी चर्चा पानावर म्हणेल. त्यासाठी दुसरी कमान आठवा. टायटसची आणखी एक कमान सर्कस मॅक्सिमसच्या टोकाला होती. ती पडली, पण तिच्यावरच्या लेखाची नक्कल स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्नच्या मठातल्या हस्तलिखितात उरली. टायटसच्या आधी कुणालाही जेरुसलेम घेता आलं नव्हतं, असा त्या लेखाचा दावा आहे. प्रत्यक्षात इ.स.पू. 63 मध्ये पाँपेने ते शहर घेतलं होतं, आणि तोही रोमनच! म्हणून ‘टायटसने जेरुसलेम पहिल्यांदा जिंकलं’ असं लिहू नये, ‘लेखात असं म्हटलं आहे’ असं लिहावं, आणि शेजारीच पाँपेचा उल्लेख करावा. दोन कमानींची गल्लत होऊ नये म्हणून निःसंदिग्धीकरणाचं पानही हवं.

राहिला प्रश्न नंतरच्या शतकांचा. पुष्कळ लेखक गढीचा आणि दुरुस्तीचा भाग तळाशी दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. कमान टायटसच्या नावाने उभी राहिली त्याला एकोणीस शतकं झाली, आणि आपण जी बघतो ती या सगळ्या शतकांतून आलेली आहे. फ्रांजिपानींची गढी काढून टाकली तर कमान का खिळखिळी झाली ते कळत नाही, वालादिएर यांना काढून टाकलं तर कडेचे खांब सपाट का ते कळत नाही. छायाचित्राखालच्या ओळीतसुद्धा लिहावं की कडेचा भाग एकोणिसाव्या शतकातला आहे. नाहीतर वाचक त्यालाच रोमन कारागिरी समजून पुढे जाईल.

आता पुन्हा बाहेर या आणि एकदा शेवटचे ते खांब बघा, आधी मधले, मग कडेचे.

आणि मग एक काम करा. तुम्ही स्वतः पाहिलेल्या, नीट माहीत असलेल्या एखाद्या जुन्या वास्तूचं मराठीतलं पान उघडा. प्रत्येक वाक्याशी थांबून विचारा की हे कशावरून. उत्तर हाताशी असेल तर संदर्भ जोडा. नसेल तर वाक्य पुसून टाकायची घाई करू नका, त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करा. एका बैठकीत एक परिच्छेद झाला तरी पुरे.