राष्ट्ररक्षणाचा यज्ञ

भाविकहो, यजमानासवे पत्नी बसल्याविना यज्ञ पूर्ण होत नाही, असे शास्त्र सांगते. राष्ट्ररक्षणाच्या यज्ञातही सैनिकासवे त्याचे कुटुंब बसलेले असते. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडीचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. दोन मुलांची माता असलेल्या वीरपत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्याधिकारी झाल्या. सैनिक प्राण अर्पितो. घरची माणसे आयुष्यभराची सोबत अर्पितात. म्हणून दर्शन घेताना सीमेवरील जवानांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांसाठीही हात जोडावेत. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीस यथाशक्ती साहाय्य करावे. तीही देवपूजाच होय.

॥ शुभं भवतु ॥