मिसेल्लुस

लॅटिन शिकणाऱ्या एका मैत्रिणीच्या वहीत परवा वाचलं: ‘मिसेल्लुस म्हणजे छोटासा दुःखी.’ ते दोन दिवस टोचत राहिलं. मिसेर म्हणजे दुःखी, त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागला, म्हणून छोटा. हिशेब चोख आहे, पण अर्थ हाती लागत नाही.

इ.स.पू. ५८ मध्ये रोममधून हद्दपार झालेला सिसेरो ब्रुंदिसियम बंदरातून बायकोला पत्र लिहितो. तुलियाचा, म्हणजे लेकीचा संसार आणि तिची अब्रू सांभाळायला हवी, हे सांगताना तो तिला हाच शब्द लावतो. तुलिया तेव्हा विशीच्या आसपासची, लग्न झालेली बाई. तिच्यात छोटं काय होतं? तिचं दुःखही छोटं नव्हतं. हळवं झालं होतं ते बापाचं मन. हे विशेषण लिंग, वचन, विभक्ती तुलियाची घेतं आणि सांगतं सिसेरोविषयी.

कवींना वृत्त सांभाळायला असे शब्द लागतात, असं म्हणणारे भेटतात. पण पत्र गद्यात आहे! पाणिनीने तर ‘क’ प्रत्ययाला अल्पत्वासाठी एक सूत्र दिलं आणि अनुकंपेसाठी वेगळं. ‘पुत्रक’मध्ये वय नसतं, माया असते.

रूपावलीकडे मात्र मी आजवर लक्षच दिलं नव्हतं. मिसेल्लुस, मिसेल्ला, मिसेल्लुम. आपल्या तान्हुला, तान्हुली, तान्हुलंसारखी तीन लिंगं. मिसेरमधला र पुढच्या ल मध्ये विरघळला, जसं लिबेरचं लिबेल्लुस झालं, पुस्तकाची पुस्तिका. पाठ करावं आणि पुढे जावं, असंच मला वाटे.

मग संबोधनापाशी थांबले. मिसेर हाकेतही मिसेरच राहतो, पुल्लिंगी एकवचनात त्याला हाकेचं वेगळं रूपच नाही. मिसेल्लुसचं मात्र मिसेल्ले होतं. आपण ‘बिचारा’ म्हणतो ते बहुधा त्या माणसाच्या माघारी, दुसऱ्या कुणाला तरी. तोंडावर कुणाला ‘बिचाऱ्या’ अशी हाक मारवत नाही. लॅटिनमध्ये मारता येते, आणि ती हाक म्हणून वेगळी ऐकू येते, ती या प्रत्ययामुळेच. मी तक्त्यातली ओळ समजत होते, तिथे अर्थाचा निम्मा भाग होता.

कातुल्लुसने प्रेयसीच्या मेलेल्या चिमण्याला हेच रूप वापरून हाक घातली. दुसऱ्या एका कवितेत तो स्वतःलाच सुनावतो, तेव्हा मात्र नुसतं मिसेर म्हणतो.