घामाचा हिशेब

एप्रिलमधल्या दुपारी तीनच्या सुमारास राहुरी किंवा राहाता तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यात जावे आणि गायीची कूस पाहावी. कूस फुगून खाली बसली की एक श्वास. घड्याळ लावून मिनिटभर मोजावे. आकडा साठच्या पुढे गेला असेल तर गाय उष्णतेच्या ताणात आहे. ऐंशीच्या पुढे गेला की तोंड उघडे पडते, लाळेच्या तारा लोंबू लागतात, मान पुढे ताणली जाते. अशी गाय बसत नाही. उभे राहिले की अंगाचा जास्त भाग वाऱ्याला लागतो, म्हणून ती उभीच राहते. एरवी दिवसातले दहा-बारा तास बसून काढणारे हे जनावर तासन्‌तास खुरांवर भार टाकून धापा टाकते, रवंथ कमी करते, वैरणीला तोंड लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन केंद्रावर लिटर कमी भरतात, फॅटही उतरते, आणि ते पावतीवर छापून येते.

ही पावती महत्त्वाची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात उष्णतेच्या शरीरशास्त्राकडे जे थोडेफार लक्ष गेले, ते तिच्यामुळे गेले.

उन्हाळा वाढला म्हणून गाय तापली, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. गायीच्या शरीरात स्वतःची उष्णता सतत तयार होत असते. कोठीपोटात वैरण आंबते, तिथे उष्णता निघते. पचलेल्या अन्नापासून कासेत दूध तयार होते, तिथेही निघते. जपानमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार, दिवसाला अठरा-एकोणीस लिटर दूध देणारी गाय आटलेल्या गायीपेक्षा सुमारे सव्वापट उष्णता तयार करते आणि एकतीस-बत्तीस लिटर देणारी जवळजवळ दीडपट. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच उन्हात उभ्या असलेल्या दोन गायींपैकी जी जास्त राबते तीच आधी कोलमडते. हवामानाचा आकडा दोघींना सारखा असतो. शरीराला सोसावा लागणारा आकडा वेगळा असतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली, त्यामागे हाच पेच होता. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टिन फ्रिजियनचे, पाव जर्सीचे आणि पाव गीरचे. दूध होल्स्टिनचे हवे, फॅटला जर्सी हवी आणि इथले ऊन सोसायला गीर हवी. देशी गायीचे केस आखूड असतात, घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, आणि तिची चयापचयाची गतीच मुळात कमी असते. ज्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, डांगी बैल आपल्या तेलकट कातडीच्या बळावर सह्याद्रीचा धो-धो पाऊस अंगावर झेलतो, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेतले करपणारे तालुके आहेत. जागेप्रमाणे जनावर घडते, हे इथे पुस्तकात वाचावे लागत नाही.

मात्र गेल्या काही दशकांत गोठ्यातले गीरचे रक्त मागे पडत गेले. चांगल्या होल्स्टिन वळूच्या रेताच्या कांड्या भरून दुधाची मजल वाढवायची, ही दिशा बाजारानेच ठरवली. लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात गायीची किंमत कास पाहून ठरते, घामाच्या ग्रंथी पाहून नाही. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण आपण दूध वाढवले तेव्हा गायीच्या आतली आग वाढवली आणि ती बाहेर टाकण्याची तिची ताकद घटवली, हे तरी स्पष्ट समजून घेतले पाहिजे.

यापुढची गोष्ट संशोधनाने अलीकडे उलगडली, आणि ती मला फार मोलाची वाटते. गाय उन्हाळ्यात कमी खाते म्हणून कमी दूध देते, अशी सर्वांची समजूत होती. अमेरिकेत ॲरिझोनात संशोधकांनी ती साध्या युक्तीने तपासली. काही गायी उष्ण खोलीत ठेवल्या, काही थंड खोलीत. आणि उष्ण खोलीतली गाय जेवढे खाईल तेवढेच थंड खोलीतल्या गायीला घातले. दोघींचे खाणे सारखे, फरक फक्त उष्णतेचा. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दुधातली निम्मी घटसुद्धा कमी खाण्यामुळे होत नाही. उरलेली घट उष्णता थेट घडवते. शरीर थंड करण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, आतड्याचे अस्तर सैल पडते आणि तिथल्या जिवाणूंची विषे रक्तात झिरपतात. त्यांच्याशी लढायला प्रतिकारशक्ती भरमसाट साखर वापरते. दुधासाठी लागणारी साखर अशी आतल्या आत जळून जाते. म्हणजे उन्हाळ्यात पेंडेची पाटी वाढवून नुकसान भरून निघत नाही. गाय थंड केली तरच निघते.

फ्लोरिडातले काम याच्याही पुढे जाते. गाय आटवल्यानंतर वेतापूर्वीच्या दीड-दोन महिन्यांत तिला उष्णतेचा ताण बसला, तर पोटातल्या कालवडीवर त्याचा ठसा उमटतो. अशी कालवड मोठी होऊन व्याली की पहिल्या वेतात दिवसाला सुमारे दोन लिटर दूध कमी देते, आणि पुढच्या वेतांतही ही घट टिकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नातींच्या दुधातही घट दिसली. आपल्याकडे मात्र दूध देणाऱ्या गायीला पंखा, फॉगर आणि रबरी मॅट मिळते. आटवलेली गाभण गाय मागच्या बाजूला, पत्र्याच्या तापलेल्या शेडखाली बांधलेली असते. आज दूध नाही म्हणून तिच्यावर खर्च नाही. तीन पिढ्यांचे दूध तिथे जळते, आणि ते कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

तरीही गोठ्यात बदल झाला, हे मान्य करायला हवे. दावणीला बांधलेली गाय सोडून मुक्त संचार गोठा करणारे शेतकरी या जिल्ह्यात गावोगाव भेटतात. भोवती कुंपण, मध्ये झाडे, हौदात चोवीस तास पाणी, अंग घासायला ब्रश. गाय स्वतः सावली निवडते, तहान लागेल तेव्हा पाणी पिते, वाटेल तेव्हा बसते. शरीराला आपला तोल सांभाळायला मोकळीक दिली की ते बरेचसे काम स्वतः करते, हे तत्त्व शेतकऱ्याने अनुभवाने ओळखले. परदेशात आता आखूड केसांचा जनुक होल्स्टिनमध्ये आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली जनुक-संपादनाने असे केस लाभलेल्या गोमांस जनावरांना वाट मोकळी करून दिली. मला त्यापेक्षा कडुनिंबाची सावली आणि भरलेला हौद यांवर अधिक भरवसा आहे.

आता गोठ्याच्या कुंपणापलीकडे पाहू. शेजारीच उसाचा फड आहे.

याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि जिल्ह्याचे रूप पालटले. त्या साखरेमागे कोयत्याचे श्रम आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ती दिवाळीच्या आसपास घर सोडते. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून या जोड्या निघतात. मोजदाद टनावर. नवरा तोडतो, बायको तोडते, साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते.

स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली फार तर पाव कामात उतरते. बाकीची उष्णता होते. दुभत्या गायीच्या कासेत जे घडते ते तोडणी कामगाराच्या दंडात आणि मांड्यांत घडते. जानेवारीच्या थंडीतही दहा वाजेपर्यंत तो घामाने भिजतो. महाशिवरात्रीनंतर तर बाहेरचे ऊनही त्यात भर घालते. उभा ऊस वारा अडवतो, पाटाच्या पाण्याने फडात दमटपणा असतो. पाचटाने अंग कापू नये म्हणून बाई साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोके-तोंड फडक्याने बांधते. एक लिटर घाम वाळला तर शरीरातली पाचशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तरच. कपड्यात जिरलेला किंवा ठिबकून मातीत पडलेला घाम शरीरातले पाणी नेतो आणि थंडावा फारसा देत नाही.

माणसाच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा किती, याबद्दल २०१० साली शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी एक आकडा मांडला: तापमापकाला ओले फडके गुंडाळून येणारे तापमान ३५ अंश. त्यापुढे घाम कामच करू शकत नाही. पुढे पेनसिल्व्हेनियात लॅरी केनी यांच्या प्रयोगशाळेने तरुण, धडधाकट माणसांना तापमान कळवणारी कॅप्सूल गिळायला लावून प्रत्यक्ष मोजले. २०२२ साली त्यांनी सांगितले, की शरीराचा तोल दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच ढळतो, आणि कोरड्या कडक उष्णतेत त्याहूनही खाली. आणि ते लोक कष्ट करत नव्हते. घरात वावरताना होतात तेवढ्याच त्यांच्या हालचाली होत्या. फडातल्या माणसाची मर्यादा कुठे असेल याचा अंदाज यावरून करावा.

मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांवर काय ओढवले हे आता जगाला ठाऊक आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वात मधुमेह नसलेले, रक्तदाब नसलेले तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. २००२ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद होऊ लागली. नेमक्या कारणांबद्दल वाद आहेत, पण उष्णता, कष्ट आणि रोजची तहान यांच्याकडे सर्वांत जास्त बोट दाखवले जाते. रोज थोडी इजा, रात्री अर्धवट दुरुस्ती, पुन्हा दुसऱ्या दिवशी फड. निकाराग्वातल्या एका कारखान्याने पाणी, सक्तीची विश्रांती आणि सावली हा क्रम लावला. हंगामातली मूत्रपिंडांची इजा त्याने लक्षणीय घटली. हलवता येणारा तंबू, पाण्याचे पिंप आणि घड्याळ पाहून थांबणे, एवढेच त्यात होते.

आपल्या फडात बाई पाणीच कमी पिते, कारण लघवीला आडोसा नाही. थांबली तर टन कमी भरतो, दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड, पडतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची जी पाहणी आली, तिच्यात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे खासगी दवाखान्यांची हाव आहे, भीती आहे, अज्ञान आहे आणि पाळीच्या दिवसांतही सुट्टी न देणारा खाड्याचा हिशेब आहे. हे सारे उष्णतेने घडवले असे मी म्हणणार नाही. पण उष्णतेचा ताण आणि या शस्त्रक्रिया, दोन्हींमागे शरीराला थांबू न देणारी व्यवस्था तीच आहे.

गरोदर बाईचे काय? तमिळनाडूत विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ८०० गरोदर महिलांचा अभ्यास केला. वीटभट्ट्या, मिठागरे, शेते अशा ठिकाणी काम करताना ज्यांना जास्त उष्णता सोसावी लागली, त्यांच्यात गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला. आटवलेल्या गायीच्या पोटातल्या कालवडीचे दूध तीन पिढ्यांपर्यंत मोजणारे विज्ञान आज आपल्यापाशी आहे. सातव्या महिन्यात मोळी उचलणाऱ्या आईच्या पोटातल्या मुलाचे पुढे काय होते, हे मोजायला आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोणी बसले आहे का?

गोठ्याला सावली मिळाली, कारण गायीचा ताण दुसऱ्या दिवशी रुपयांत दिसला आणि तो मालकाच्या खिशातून गेला. फडातला ताण ज्याच्या शरीरात साठतो त्याच्याच घरी परत जातो, गावच्या दवाखान्यात उमटतो, आणि तोवर कारखान्याचा हंगाम संपलेला असतो. शरीरशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. आतड्याचे तेच सैल अस्तर, कातडीकडे वळलेले तेच रक्त. आपली नोंदवही मात्र एकीकडेच उघडी आहे.

राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मध्ये कारखाने आहेत. हंगामाच्या आधी आणि नंतर तोडणी कामगारांचे रक्त तपासून मूत्रपिंडाची नोंद ठेवणे, फडावर ओल्या तापमापकाचा आकडा घेणे, हे या तीन संस्थांना एका हंगामात करता येईल. फडागणिक सावलीचा तंबू, थंड पाण्याचे पिंप, फिरते शौचालय, दुपारी बारा ते तीन कोयता खाली आणि त्या तासांचा खाडा नाही, इतके करायला नवे संशोधन लागत नाही. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत मोळीऐवजी पगारी विश्रांती मिळायला हवी, तीही उचलीत न कापता.

हा अंक हातात पडेल तेव्हा बॉयलर पेटवण्याचे मुहूर्त ठरलेले असतील आणि पाथर्डीहून ट्रॅक्टर निघालेले असतील. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल, तर गळिताच्या शुभारंभाला जाल तेव्हा अध्यक्षांना एवढे विचारा, की यंदा आपल्या फडांवर सावली आणि पाणी कुठे कुठे असणार आहे. आणि उत्तर लेखी मागा.