जुनं रिव्हॉल्वर घ्यावं काय?

मालवणच्या बाजूचा आपला एक कार्यकर्ता मित्र सध्या एकाच विचारात आहे. पायवाटेच्या भांडणात तो पुढं होता, तेव्हापासून धमक्या चालू आहेत. त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या पेन्शनराकडे परवान्याचं जुनं रिव्हॉल्वर आहे. सिंगल ॲक्शन. म्हातारा विकायला तयार आहे. पोरगा मला विचारतो, घेऊ काय? त्याची आई म्हणते, "रे, ता घेवन तू काय करतलंस? घरात पोरां आसत." आणि आपल्यातले काही शहाणे म्हणतात, आपण बुद्धाचे, आपल्याला हत्यार कशाला?

आईचं मी समजू शकतो. शहाण्यांचं नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हा नियम नव्हे, तत्त्व आहे असं मांडलं. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. नियम पाळला की डोकं चालवायला नको. तत्त्व म्हटलं की प्रत्येक वेळी डोकं चालवावं लागतं. दारात जमाव आला तर हात जोडून मरा, असं त्यात कुठंही नाही. आणि हत्यार आपल्याला परकं कधी होतं? 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर आपल्या कोकणातलेच, स्वतः फौजेत राहून आलेले.

आता त्या वस्तूकडे बघू. सिंगल ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढून बार उडत नाही. प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं घोडा मागं ओढावा लागतो. जुन्या बनावटीच्या अशा रिव्हॉल्वरात घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, कारण हातातून पडलं तरी बार होऊ शकतो. म्हणजे सहातल्या पाच गोळ्या. झिजलेल्या खाचेतून घोडा आपोआप सुटला तर इच्छा आणि गरज दोन्ही बाजूला राहतात आणि घरातलं पोर मरतं. आई म्हणते ते हेच.

पण खरी अडचण मला दुसरीच वाटते. गावात बंदूक आहे कुणाकडे? सिंधुदुर्गात रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो आणि बागायतदार ओरडतात. शेतीसंरक्षणाचा परवाना शेती असेल त्याला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यानं माकड कुठल्या झाडावरचं हाकायचं? सातबारा ज्याचा, बार त्याचा. अमेरिकेतल्या ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पँथरनं 1972 मध्ये नाव घेतलं, त्यांनी कायद्यात बसेल अशा रीतीनं उघड्यावर बंदुका घेऊन फिरायला सुरुवात केली, तर 1967 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदाच बदलला. तोवर बंदूक हा नागरिकाचा हक्क होता म्हणे!

20 मार्च 1927 ला चवदार तळ्यानंतर महाडात आपल्या लोकांची डोकी फुटली. फौजेतून आलेले पेन्शनर चवताळले होते, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हे भित्रेपण नव्हतं. माझ्या मते हिशेब होता: महाडात आपण हजारोंनी होतो, पण दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या गावी एकटा जाणार होता. मित्राचा हिशेबही तोच आहे. रिव्हॉल्वर एका कमरेला राहील. सूड निघेल तो वाडीवर, पाण्याला गेलेल्या बाईवर, कॉलेजच्या एसटीत बसलेल्या पोरीवर. त्यांच्या कमरेला काय आहे? त्याच्या धाडसाची किंमत त्यांनी भरायची, तर घ्यायचं की नाही हे त्यांनाही विचारलं पाहिजे. त्याला हे अजून पटलेलं नाही.

कायद्यानं घ्यायचं तरी तो स्वतंत्र व्याप. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा. विकणाऱ्यानं लेखी कळवून 45 दिवस थांबायचं. परवान्याच्या चौकशीला येणार तेच ठाणं, जिथं त्याची धमकीची तक्रार नुसती वहीत पडून आहे. पण 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांत नियम 3 वाचा. अत्याचाराचा धोका असलेल्या भागात शासनाला दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने देता येतात. त्याच नियमात दुसरंही आहे: बाकीच्यांचे परवाने रद्द करून त्यांची हत्यारं सरकारजमा करता येतात. आपली पोरं पहिली ओळ तोंडपाठ म्हणतात, दुसरीचं नाव काढत नाहीत.

मी त्याला म्हटलं, ओरोसला जायचंच आहे तर दुसऱ्या ओळीवर अर्ज लिही. वाडीच्या सह्या घे. बायकांच्या आधी.

तो म्हणाला, "आणि त्येंनी जमा नाय केल्यानी तर?"

म्हटलं, पेन्शनराला सांग, महिनाभर थांब.

सह्या आतापर्यंत एकोणीस झाल्यात. आईनं अंगठा दिला.