याईराच्या दारात

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३



याईराच्या मुलीची गोष्ट रविवारच्या शाळेतले लहान मूलही सांगू शकते. मुलगी आजारी पडली, मरण पावली आणि प्रभू येशूने तिला हाताला धरून उठविले. आपण ही गोष्ट नेहमी मुलीच्या खाटेजवळ उभे राहून सांगतो. आज ती तिच्या बापाच्या बाजूने वाचू या. आजारी माणूस खाटेवर असतो. परंतु त्याच्या आजाराचे ओझे उचलून दारात उभे असलेले माणूस निराळे असते. त्या माणसाकडे आपली मंडळी पाहते काय, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी स्वतःला विचारला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका वडीलजनांना हृदयविकाराचा झटका आला व त्यांना इस्पितळातील अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. बातमी कळताच आम्ही सात-आठ जण निघालो. आत एका वेळी एकालाच सोडीत. आम्ही पाळीपाळीने आत जाऊन आलो, मग व्हरांड्यात उभे राहून गीत गाइले, प्रार्थना केली. त्यांच्या पत्नी बाकावर बसून होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात चहापलीकडे काही गेले नव्हते, हे आम्हाला मागाहून कळले. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, डॉक्टर काय म्हणाले?" आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचा धीरही झाला नाही. आम्ही म्हणालो, "वहिनी, काही काळजी करू नका. रविवारी दादा उपासनेला येतील. तुम्ही घरी जाऊन शांत झोपा." त्या घरी गेल्या. पहाटे दादा प्रभूकडे गेले. त्या वेळी घरचे कोणीही जवळ नव्हते.

पुष्कळ दिवसांनी वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, माझा तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या शब्दावर मी घरी गेले." त्या एका वाक्याने आम्हाला हा शास्त्रभाग पुन्हा उघडावयास लावला.

आमच्या मंडळीत परिचारिकेचे काम करणारी एक भगिनी आहे. तिच्याशी बोलताना कळले की, वहिनी बाकावर बसून जे मागत होत्या, त्याचा परिचारिकांनी फार पूर्वीच अभ्यास केला आहे. अमेरिकेत नॅन्सी मोल्टर या परिचारिकेने अत्यवस्थ रुग्णांच्या ४० नातलगांना प्रत्यक्ष भेटून विचारले की, तुमचा माणूस आत असताना तुम्हाला कशाची गरज वाटली? तिने ४५ गरजांची यादी त्यांच्यापुढे ठेवली व प्रत्येक गरज किती महत्त्वाची, हे त्यांच्याच तोंडून जाणून घेतले. १९७९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नातलगांनी सर्वांत वरचे स्थान आशेला दिले होते. पुढे जेन लेस्की या दुसऱ्या परिचारिकेने त्या यादीवर काम केले आणि या गरजांचे पाच गट ठरले : आश्वासन, जवळ असणे, माहिती, आधार आणि स्वतःची सोय. त्यानंतर अनेक देशांत हेच प्रश्न विचारले गेले. बहुतेक ठिकाणी आश्वासन, माहिती व आपल्या माणसाजवळ असणे या गरजा वर राहिल्या, आणि बसावयास चांगली खुर्ची, विश्रांती, खाणेपिणे या स्वतःच्या गोष्टी नातलगांनी तळाशी ठेवल्या.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, नातलगांना आशा पाहिजे असते, आणि त्याच श्वासात त्यांना आपल्या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरेही पाहिजे असतात. या दोन्ही गरजा यादीत वरच आहेत. म्हणजे खोट्याच्या पायावर उभी केलेली आशा त्यांनी मागितलेलीच नाही. आम्ही वहिनींना तीच दिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण अशा भेटीस येणाऱ्यांवर खर्च केले आहे, जे आजाऱ्याचे म्हणणे ऐकून न घेता पोकळ आशा व फुकटचा सल्ला देऊन निघून जातात. ते प्रकरण आम्हाला उद्देशून लिहिले आहे असेच आम्हाला वाटले.

दुसरी गोष्ट, नातलग स्वतःसाठी काही मागत नाही. आपली भूक, आपली झोप तो शेवटी ठेवतो. म्हणून ती दुसऱ्या कोणाला तरी दिसावी लागते. वहिनींची भूक आम्हा सात-आठ जणांपैकी एकालाही दिसली नाही.

आता याईराकडे वळू. तो सभास्थानाचा अधिकारी, मानाचा माणूस. पण मुलीसाठी तो सर्वांदेखत प्रभूच्या पायांवर पडला. प्रभूने त्याला निकालाची तारीख सांगितली नाही. घरी जाऊन झोप, असेही सांगितले नाही. मार्क लिहितो की, प्रभू त्याच्याबरोबर निघाला. पहिला आधार हाच : कोणीतरी बरोबर चालत आहे.

मग वाटेत खोळंबा झाला. बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेल्या एका स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि प्रभू थांबला. त्याने तिला शोधले, तिचे सर्व ऐकून घेतले. त्या वेळात याईर काय करीत होता, हे शास्त्र सांगत नाही. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर जो बसला आहे, तो ते जाणतो. आत डॉक्टर दुसऱ्या खाटेपाशी धावले आहेत, आपल्या माणसाविषयी कोणी काही बोलत नाही, आणि घड्याळाचा काटा सरत नाही. दुसऱ्याला बरे वाटलेले पाहून आनंद करावा, एवढी ताकद त्या घटकेला अंगात नसते. अशा वेळी कोणाची श्रद्धा डळमळली, तर त्याला दोष देण्याची घाई आपण करू नये.

इतक्यात घरून माणसे आली व मुलगी गेल्याचे सांगून, आता गुरुजींना त्रास कशाला, असे म्हणू लागली. बातमी खरी होती. प्रभूने ती याईरापासून लपविली नाही. ती ऐकलेल्या बापालाच त्याने भीती टाकून विश्वासाला धरून राहण्यास सांगितले, आणि तो त्याच्या घराकडे चालत राहिला. येथे कोणी म्हणेल, प्रभूने मुलगी उठविली, मग आपणही बरे होण्याचे वचन का देऊ नये? बंधुभगिनींनो, जीवनमरणाच्या किल्ल्या त्याच्या हाती आहेत. आपल्या हाती नाहीत. दादा रविवारी येतील, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला नव्हता. आम्हाला एवढेच सांगता आले असते की, दादा जगोत अथवा मरोत, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून त्यांना काहीही वेगळे करू शकणार नाही, आणि वहिनी, आज रात्री आम्ही तुमच्याबरोबर येथे बसतो. ही आशा पहाट होताच खोटी ठरली नसती. पौलाने रोमकरांस आठव्या अध्यायाच्या शेवटी जी आशा लिहून पाठविली, ती हीच.

त्यानंतर प्रभूने घरात काय केले, हे आम्ही कित्येकदा वाचले होते, पण पाहिले नव्हते. घरात मोठमोठ्याने रडणाऱ्यांचा गलबला होता. प्रभूने त्या गर्दीला बाहेर काढले, आणि मुलीच्या आईला व बापाला आत घेतले. आम्ही नेमके उलट केले होते. आम्ही गर्दी होऊन आत गेलो आणि पत्नीला घरी पाठविले.

आपल्या माणसाच्या शेवटच्या घटकेत जवळ असणे किती मोलाचे, याची साक्ष आजचे वैद्यकही देते. फ्रान्समध्ये हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या १५ तातडीच्या वैद्यकीय पथकांनी ५७० नातलगांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही पथकांनी, हृदय पुन्हा चालू करण्याची खटपट चालली असताना, तुम्हाला जवळ थांबावयाचे आहे काय, असे घरच्यांना रीतसर विचारले. इतर पथकांनी नेहमीप्रमाणे काम केले. तीन महिन्यांनी पाहता, ज्यांना विचारले होते त्यांच्यात मनाला बसलेल्या धक्क्याची लक्षणे कमी आढळली. घरच्यांच्या असण्याने उपचारात अडथळा आला नाही, रुग्ण वाचण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. ते दृश्य पाहणे कठीण असते, आणि थांबण्याची कोणावर बळजबरी नसावी. परंतु निवड घरच्यांना मिळावी.

शेवटी प्रभूने मुलीला काही खावयास द्यावे अशी आज्ञा केली. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला त्या घरातली चूल आठवली! आईबापांच्या थरथरत्या हातांना त्याने एक लहानसे काम दिले. ज्या सेवेत जेवणाची आठवण नाही, ती सेवा अजून प्रभूच्या सेवेसारखी झालेली नाही.

तेव्हा आपण काय करावे? आमच्या मंडळीने वहिनींच्याच सांगण्यावरून काही साधे नियम केले आहेत, ते येथे देतो. इस्पितळात एका वेळी दोघांहून अधिक जणांनी जाऊ नये. आधी बाकावरच्या माणसाला भेटावे, मग खाटेवरच्या. सोबत डबा न्यावा आणि तो आपल्यासमोर उघडला जाईपर्यंत बसावे. आजाराविषयी विचारले तर ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणावे, आणि घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्यासह जाऊन सिस्टरांना अथवा डॉक्टरांना विचारावे. प्रार्थना हळू आवाजात व थोडक्यात करावी. रात्री थांबण्याची पाळी लावावी, म्हणजे घरच्यांना डोळा लावता येईल आणि बोलावणे आले तर हाक मारावयास कोणी असेल. घरी मुले असतील तर त्यांच्या शाळेचे व जेवणाचे एका कुटुंबाने पाहावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. हा धडा शिकविताना मुलांना विचारा : प्रभू वाटेत थांबला तेव्हा याईराला काय वाटले असेल? आई घरी कोणाजवळ बसली असेल? वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कोणी आजारी असेल, तर ते मूल उत्तर देईल. त्याचे उत्तर पुरते ऐका. त्याला लगेच गप्प करणारे सांत्वन देऊ नका.

वहिनी आजही उपासनेला येतात. गेल्या काही वर्षांत कोणाचेही माणूस इस्पितळात गेले, की पहिला डबा त्यांच्या घरून निघतो. त्या फार बोलत नाहीत. बाकावर शेजारी बसतात, आणि रात्र झाली तरी उठत नाहीत.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू याईराबरोबर चालत गेलास. आमच्या अविचारी शब्दांची आम्हाला क्षमा कर. जे आज कोणाच्या तरी दाराबाहेर बसले आहेत, त्यांच्याजवळ तू बैस, आणि तुझ्याबरोबर बसावयास आम्हाला शिकव. आमेन.