दिल्याविना सोडणे

कन्या परघरी दिल्यावर, निदान तिला अपत्य होईपर्यंत तरी, तिच्या घरचे पाणीही बापाने प्यायचे नाही, असा जो दंडक आमच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील अनेक घरांतून मागील पिढीपर्यंत कसोशीने पाळला जात असे, त्याची आज चेष्टा होते. परंतु जे दान केले त्याचा उपभोग दात्याने घेऊ नये, हे त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व सुसंगत होते. स्त्रीला वस्तू मानल्याचा दोष त्यात आहेच, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. तथापि ममत्व सोडण्याचे बिकट काम तो दंडक बापाच्या वतीने परस्पर उरकून टाकीत असे, हेही खरे.

माझ्या कन्येचे दान झालेच नाही. आमच्या रोह्याजवळील धाटावच्या रासायनिक कारखान्यांचा दर्प लहानपणापासून नाकात असूनही, किंवा कदाचित त्यामुळेच, ती रसायनशास्त्राकडे वळली आणि आज अमेरिकेत, न्यू जर्सीतील एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी करून स्वतःच्या मिळकतीवर घर चालविते. आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, तेव्हा विमानतळावरील अंमलदाराने येण्याचे प्रयोजन विचारले न विचारले तोच परत केव्हा जाणार हे विचारले, आणि सहा महिन्यांची मुदत घालून दिली. मुलीच्या घरी बापाची ना मालकी, ना वहिवाट. सौभाग्यवतींना मात्र हे एवढ्यात मान्य होण्यासारखे नव्हते: त्यांनी पहिल्याच आठवड्यात तेथील फडताळ आपल्या सोयीने लावले, हिंगाची डबी खालच्या फळीवर आणली, आणि कन्येने संध्याकाळी कामावरून आल्यावर एक शब्दही न बोलता ती पुन्हा वरच्या फळीवर ठेवली. माया दोघींचीही होती. तंटा होता तो फळीवरील हुकमतीचा.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पुत्र, दारा आणि गृह यांविषयीची अनासक्ती गणली आहे, आणि तिचा अर्थ पुष्कळ जण कोरडेपणा असा करतात. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांचे चरित्र या अर्थाला आधार देत नाही. १९१६ साली परीक्षेसाठी म्हणून मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला, हे सर्वश्रुत आहे. पण १९१८ साली आई आजारी पडली तेव्हा तोच विरक्त पुत्र तिच्याजवळ आला होता, हे सांगण्याचे कीर्तनकार सहसा विसरतात. सुटला होता तो एकमेकांवरील दावा, वात्सल्य नव्हे.

पेणेतील गणपतीच्या कारखान्यांत हा भेद नित्य पाहावयास मिळतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधी पेटाऱ्यांत बंद होऊन बोटीने रवाना होतात. डोळ्यांची आखणी सराईत हातानेच व्हावयाची. कारागीर बुबुळाची रेघ ओढताना श्वास आवरून धरतो, आणि ती साधली की मूर्ती पलीकडे सरकवून दुसरी पुढे घेतो. प्राणप्रतिष्ठा व्हावयाची ती यजमानाच्या घरी. निरोपाची आरती, पुन्हा येण्याची विनवणी, जलाशयाकाठी भरून येणारे डोळे, हे सारे यजमानाच्या वाट्याचे; घडविणाऱ्याला विसर्जनाचा विधीच नाही. कन्यादान न केलेल्या बापाची स्थिती मला यजमानापेक्षा या कारागिराच्या अधिक जवळची वाटते. शास्त्राने त्याच्यासाठी मंत्र ठेवलेला नाही. त्याचे त्यानेच सोडावयाचे.

रोह्यास परतल्यावर आमच्या आळीतील पुराणिकबोवांनी मला निराळाच जाब विचारला. पांडुरंगशास्त्री आठवले याच रोह्यात १९२० साली जन्मले. १९५४ साली जपानमधील तत्त्वज्ञ परिषदेत गीताविचार मांडल्यावर अमेरिकेत राहण्याविषयी आलेले निमंत्रण नाकारून ते मायदेशी परतले. मग तुमच्या कन्येस परत बोलावण्यास तुम्ही का कचरता? दाखला वरवर बिनतोड आहे. परंतु शास्त्रीजींना कोणी बोलावून आणले नव्हते. परतणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि म्हणूनच त्याला मोल आले. बोवांना हे मान्य नाही. बापाचा शब्द हाही धर्मच, असे ते निक्षून सांगतात. त्यावर गागोद्याच्या त्या मुलाने सुरतेस उतरताना कोणाचा शब्द घेतला होता, एवढेच मी विचारतो, आणि बोवा पंचांग उघडून पुढील एकादशी पाहू लागतात.