घराचे रक्षण आणि हाताचा संयम



दिवस अस्वस्थतेचे असले की घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. घरातला तरुण म्हणतो, दारावर कोणी चालून आले तर आपण काय करणार? घरात एखादे शस्त्र असायला नको का? वडीलधारे म्हणतात, बाळा, सब्र कर. जे व्हायचे ते अल्लाहच्या हाती आहे. दोघांनाही घराचीच काळजी आहे आणि दोघेही दीनचाच आधार घेतात. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भीतीच्या किंवा संतापाच्या भरात न देता कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात शोधले पाहिजे.

प्रथम हे स्पष्ट असू द्या की इस्लाम आपल्या अनुयायांना असहाय होऊन बसण्याची शिकवण देत नाही. हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्या कथनानुसार आपला माल, आपले प्राण, आपला दीन किंवा आपले कुटुंब यांचे रक्षण करताना जो मारला जातो, तो शहीद होय. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून असेच कथन आले आहे. एका माणसाने विचारले, कोणी माझा माल हिसकावू लागला तर? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो न देण्यास सांगितले. तो लढू लागला तर? तूही प्रतिकार कर, असे उत्तर मिळाले. स्वरक्षणाचा हक्क याहून स्पष्ट शब्दांत कोण देईल?

परंतु अनेक जण इथेच थांबतात आणि पुढचे वाचत नाहीत. नसाईच्या संग्रहात याच प्रश्नाचे दुसरे कथन आहे. तिथे प्रेषितांनी (स.) प्रतिकाराआधी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी समोरच्याला अल्लाहची आठवण करून दे. तो ऐकत नसेल तर आसपासच्या मुसलमानांची मदत घे. तीही नसेल तर शासनाकडे दाद माग. शासनही दूर असेल, तेव्हाच स्वतः लढ. म्हणजे हात उचलण्याची पाळी चौथी आहे, पहिली नव्हे. याच भावनेतून फकीहांनी नियम घालून दिला की हल्लेखोराला सर्वांत सौम्य उपायाने परतवावे. ओरडण्याने तो पळत असेल तर मारू नये, काठीने भागत असेल तर तलवार उपसू नये आणि तो पाठ फिरवून पळत असेल तर त्याच्यावर वार करू नये. हेतू हल्ला थांबवण्याचा आहे, सूड घेण्याचा नव्हे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतात. मात्र शासकीय यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तिथे हा हक्क राहत नाही आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. ज्या देशाचे नागरिक म्हणून आपण राहतो, त्याच्या कायद्याचे पालन हा आपला करार आहे आणि करार पाळणे हे श्रद्धावंताचे लक्षण आहे. ज्या घराच्या रक्षणासाठी चोरून शस्त्र आणले, तेच घर त्या शस्त्रापायी उद्ध्वस्त होऊ शकते.

आता वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. सब्र ही दुर्बलता नाही. आदम (अलै.) यांच्या दोन पुत्रांची हकीकत सूरह अल्-माइदामध्ये आली आहे. भाऊ जिवावर उठला असतानाही दुसऱ्याने अल्लाहच्या भयापोटी त्याला ठार मारण्यासाठी हात उचलण्यास नकार दिला. हिजरी ३५ मध्ये मदीनेत बंडखोरांनी खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा घातला, पाणी तोडले. हजरत हसन (रजि.), हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्यासारखे तरुण त्यांच्या रक्षणासाठी सज्ज होते. खलीफांनी त्यांना शस्त्रे म्यान करण्यास सांगितले. आपल्या एका प्राणासाठी उम्मतमध्ये रक्तपात सुरू व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते. कुरआनचे पठण करीत असताना ते शहीद झाले.

मात्र त्या दिवशी त्यांच्या पत्नी हजरत नाइला पतीला वाचवण्यासाठी पुढे धावल्या आणि त्यांची बोटे तुटली. त्यांच्या त्या धावण्याला कोणी दोष दिला नाही. अनेक फकीहांनी येथे एक महत्त्वाचा भेद केला आहे. माणूस स्वतःच्या प्राणावरचा हक्क सोडू शकतो. पण पत्नी, मुले, वृद्ध आईवडील ही त्याच्याकडे सोपवलेली अमानत आहे. दुसऱ्याच्या जिवावर आपण उदार होऊ शकत नाही.

संयमाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर फार दूर जायला नको. सरहद्द प्रांतातील पठाणांच्या घरात बंदूक असे आणि बदल्याची परंपरा पिढ्यान्पिढ्या चाले. त्या समाजात खान अब्दुल गफ्फार खान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली आणि अहिंसेची शपथ घ्यायला लावली. प्रेषितांनी (स.) मक्केत दाखवलेला सब्र हेच आपले शस्त्र, असे ते पठाणांना सांगत. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांच्या सैन्याने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखालील गढवाली शिपायांनी गोळीबाराचा हुकूम नाकारला. निःशस्त्र माणसांचे धैर्य बंदूकधाऱ्यांच्या मनापर्यंत पोहोचते, हे त्या दिवशी दिसले. बंदूक चालवता न येणाऱ्यांचा हा संयम नव्हता. ती ज्यांच्या हाताला सवयीची होती, त्यांनी ती खाली ठेवली होती.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष फार कमी जाते. चोर एखाद्या रात्री येईल किंवा कधीच येणार नाही. घरात आणलेले शस्त्र मात्र रोज घरातच असते. मुले असतात, भावाभावांचे वाद असतात, रागाचे क्षण असतात. प्रेषितांनी (स.) आपल्या भावावर शस्त्र रोखण्यास मनाई केली आणि कारण सांगितले की सैतान कदाचित हाताला झटका देईल. थट्टेतही ती मुभा नाही. मशिदीतून वा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके धरून ठेवावीत, उघडी तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, इतक्या बारकाईने त्यांनी शिकवले. ज्याच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे त्याने ते मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे आणि रागाच्या वेळी त्याकडे पाहूही नये.

घराच्या रक्षणाची सुरुवात दाराच्या कडीपासून होते. रात्री अल्लाहचे नाव घेऊन दारे लावा, दिवे विझवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, हाच तवक्कुलचा अर्थ आहे. त्यानंतर येतो शेजारी. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, हे त्यांनी आवर्जून विचारले. ईदचा शीरखुर्मा ज्या घरी जातो, आजारपणात ज्या दारी आपण उभे राहतो, त्या घरातून मध्यरात्रीच्या हाकेलाही उत्तर येते. शेजार तोडून बसलेल्या माणसाला संकटकाळी हाक मारायला कोणी उरत नाही. मग त्याला शस्त्राखेरीज काही सुचत नाही.

तेव्हा तरुणांनो, प्रतिकाराचा तुमचा हक्क शरीअतने मान्य केला आहे. पण त्याआधीच्या तीन पायऱ्या ओलांडून जाऊ नका. वडीलधाऱ्यांनो, सब्र शिकवा. पण मुलाची काळजी भेकडपणा किंवा आगाऊपणा म्हणून झिडकारू नका. त्याला शेजारी बसवून ऐका, मोहल्ल्यातील जबाबदार माणसांशी व पोलीस ठाण्याशी संबंध ठेवा आणि घरातील राग घरातच शांत करा. अकारण घेतलेला एक जीव म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, आणि वाचवलेला एक जीव म्हणजे साऱ्या मानवजातीला जीवदान, ही कुरआनची शिकवण दोघांसाठीही आहे.

हे अल्लाह! आमच्या घरांना सुरक्षित ठेव, आमच्या शेजाऱ्यांना आमच्या हातून सुरक्षित ठेव आणि अन्याय सोसण्याच्या व अन्याय करण्याच्या दोन्ही प्रसंगांपासून आम्हाला वाचव. आमीन.